जुना सहकारी आजारपणात गेला, तर कार्यालयाने काय करायचं

पंचवीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस दीर्घ आजाराने जातो, तेव्हा बातमी अनपेक्षित नसते. तरीही कार्यालयाची धांदल उडते. ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते, तिसऱ्या दिवशी घाईघाईत सभा उरकते आणि तिथे सहा जण एकामागून एक 'हसतमुख, मनमिळाऊ' एवढं म्हणून खाली बसतात. दोन महिन्यांनी त्याच माणसाची बायको पीएफच्या एका सहीसाठी रिसेप्शनवर ताटकळत असते, आणि तिला तिथे कोणी ओळखत नाही.

हे टाळायचं तर पहिल्याच दिवशी कामं वाटून घ्या. तीन माणसं पुरतात: एक घराशी बोलणारा, एक कागदपत्रं बघणारा, एक सभा आणि आठवणींचं काम धरणारा. तिन्ही कामं एकाकडे देऊ नका. 'तुझा तर जवळचा मित्र' म्हणून सगळं ज्याच्या गळ्यात पडतं, तो स्वतःच दुःखात असतो आणि त्याच्याकडूनच नेमकं काहीतरी राहून जातं. घराशी बोलणारा हुद्द्याने मोठा नसला तरी चालेल, घरच्यांच्या ओळखीचा हवा.

पहिला दिवस

बातमी घरच्या एका माणसाकडून पक्की झाल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाला ग्रुपने आदल्या दिवशीच श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार घडतात, आणि घरचे ते विसरत नाहीत. संदेश एकच असावा, एकाच माणसाने टाकावा आणि त्यात कामाची माहिती असावी:

'आपले सहकारी श्री. ___ (लेखा विभाग) यांचे आज पहाटे निधन झाले. अंत्यदर्शन राहत्या घरी दुपारी १ ते २.३०. त्यानंतर ___ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार. कृपया घरी फोन करू नये, चौकशीसाठी ___ यांच्याशी बोलावे.'

आजाराचं नाव लिहू नका. घरच्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. मुलीचं लग्न ठरत असतं, धाकट्याला अजून पूर्ण सांगितलेलं नसतं, अशी कारणं बाहेरच्याला दिसत नाहीत.

मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर मनुष्यबळ विभागाच्या माणसाने तिथे जाणं हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी मदत. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर कॅशलेस चालू असेल, तर शेवटच्या बिलाची अंतिम मंजुरी यायला कित्येक तास जातात आणि तोवर सगळे खोळंबतात. पॉलिसी क्रमांक आणि कर्मचारी क्रमांक हातात घेऊन विमा डेस्कवर बसणारा आणि टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला) दर थोड्या वेळाने फोन करणारा कोणी असला, तर मंजुरी लवकर सुटते. तिथून निघण्याआधी मूळ बिलं, मृत्यूचा सारांश आणि तपासण्यांचे अहवाल ताब्यात घ्या. आधीच्या उपचारांची खर्चपरतीची बिलं बहुधा पडून असतात आणि ती द्यायला पॉलिसीत मुदत असते.

एक बारीक गोष्ट तिथेच तपासा. रुग्णालय मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये भरतं (घरी मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४अ देतात). तिथे दिलेली माहिती पुढे दाखल्यावर उतरते. नाव, मधलं नाव आणि आडनाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लिहिलं आहे ना ते बघा. एकीकडे 'चंद्रकांत' आणि दुसरीकडे 'चंद्रकात' झालं, तर पुढची प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे घरच्यांच्या नशिबी येतात.

त्या माणसाने नेत्रदानाचा अर्ज भरला असल्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तर घरच्यांना हळूच आठवण करा. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि धक्क्यात ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

गावच्या किंवा स्थानिक वृत्तपत्रात निधनवार्ता द्यायची असेल तर मजकूर संध्याकाळच्या आत पोचवा: नाव, वय, हुद्दा, किती वर्षं सेवा, 'त्यांच्या पश्चात' कोण कोण. सगळ्यात जास्त चुका या 'पश्चात'मध्ये होतात. विवाहित मुलीचं नाव राहून जातं, किंवा वृद्ध आई हयात असून तिचं नाव नसतं. ती ओळ घरच्या एकाला वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नका.

घरी जाताना

पंधरा जणांनी एकदम जाऊ नका. तीन-चारच्या गटाने, जेवणाची वेळ टाळून, वीस मिनिटांसाठी जा. पहिले दोन-तीन दिवस घरी चूल पेटत नाही, तेव्हा पिठलं-भात किंवा खिचडीचा डबा नेला तर उपयोग होतो. डब्यावर नाव लिहू नका आणि तो परत मागू नका.

'कसं झालं हो?' हा प्रश्न त्या बाईंनी दिवसभरात वीस वेळा ऐकलेला असतो. त्याऐवजी तुमच्याकडे असलेलं काही सांगा. त्यांच्या नवऱ्याची कार्यालयातली बाजू त्यांना ठाऊक नसते, म्हणून ती त्यांना ऐकावीशी वाटते. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्यही टाळा, कारण कोणी काही सांगत नाही. 'मंगळवारी अकरा वाजता मी पीएफचे फॉर्म घेऊन येतो, तुम्ही फक्त आधार आणि पासबुक काढून ठेवा' असं सांगा.

सहकारी बौद्ध असेल तर जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी आहे ते विचारा. ख्रिस्ती असेल तर चर्चमधली प्रार्थना, मुस्लिम असेल तर दफन बहुधा त्याच दिवशी होतं. आपल्या पद्धतीने हार, समई, उदबत्ती सगळीकडे चालते असं धरून चालू नका. पत्रकात 'कै.' ऐवजी 'दिवंगत' लिहिलं तर कोणालाच खटकत नाही.

कागदपत्रं

खरी आठवण इथे ठेवली जाते, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. भाषण चुकलं तर लोक विसरतात, अडकलेला दावा घर वर्षभर भोगतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि ती जिथे मृत्यू झाला तिथे होते. डोंबिवलीत राहणारा माणूस परळच्या रुग्णालयात गेला, तर नोंद मुंबई महानगरपालिकेकडे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा: बँका, विमा, पीएफ, सोसायटी, वाहन, प्रत्येकाला एक लागते.

पीएफच्या तीन वेगवेगळ्या रकमा असतात, आणि पहिली मिळाली की घरच्यांना वाटतं झालं सगळं. एक, खात्यातली शिल्लक (फॉर्म २०). दोन, ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतच असलेला आयुर्विमा (फॉर्म ५ आयएफ). तीन, कुटुंब निवृत्तिवेतन (फॉर्म १०-डी). मृत्यूच्या दाव्यासाठी हे तिन्ही एकत्र असलेला संयुक्त फॉर्मही आहे.

ईडीएलआयसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीच कापलं जात नाही, त्यामुळे ते अनेकांना माहीत नसतं. साधारण हिशोब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मासिक पगाराच्या ३५ पट (पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात), अधिक पीएफ खात्यातल्या सरासरी शिल्लकीच्या निम्मी रक्कम (कमाल १,७५,०००). म्हणजे ५,२५,००० आणि १,७५,००० मिळून जास्तीत जास्त ७ लाख. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्याच्या बाबतीत बहुधा पूर्ण ७ लाखच बसतात. हा विमा सेवेत असताना आलेल्या मृत्यूसाठी आहे. म्हणून माणूस आजारी असताना, बिनपगारी रजा संपत आली की 'आता राजीनामा देऊन टाका' असा सल्ला कोणी देत असेल, तर तो आधी थांबवा. नाव हजेरीपटावर असणं इथे फार मोलाचं ठरतं.

दावा कुठे अडतो तेही सांगून ठेवतो. कंपनीने पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख भरताना कारण 'मृत्यू' असं निवडायचं असतं. सवयीने 'नोकरी सोडली' निवडलं गेलं की विमा आणि निवृत्तिवेतन दोन्ही अडकतात, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा कंपनीकडेच यावं लागतं. दुसरी अडचण नावातल्या फरकाची: यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) एक स्पेलिंग, आधारला दुसरं. तिसरी नामनिर्देशनाची. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं नामनिर्देशन तसंच राहिलं असेल, तर वाद आणि उशीर दोन्ही होतात. ते फॉर्म भरण्याआधीच पीएफ कार्यालयात विचारून घ्या. चौथी अगदी साधी आहे. बायकोच्या एकटीच्या नावावर बँक खातंच नसतं. ते पहिल्या आठवड्यात उघडून द्या.

कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळतं आणि त्याबरोबर दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत, प्रत्येकी जोडीदाराच्या निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के. मुलांचे जन्मदाखले फॉर्मसोबतच लावा. मुलांचा भाग नंतर जोडत बसणं त्रासाचं असतं.

ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची अट आहे, मृत्यूच्या बाबतीत ती नाही. सूत्र: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त उरले तर पूर्ण वर्ष धरतात. ४०,००० रुपये आणि २२ वर्षं असतील तर ४०,००० × १५ ÷ २६ × २२ म्हणजे सुमारे ५,०७,७०० रुपये. हा आकडा घरच्यांना कागदावर मांडून द्या, म्हणजे मिळालेली रक्कम बरोबर आहे की नाही ते त्यांना स्वतःला कळतं.

आणखी दोन ठिकाणं बघा. गेलेल्या माणसाचं वय ५५ च्या आत असेल तर पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का ते पाहा. असली, तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे २ लाख त्याच बँकेकडे मागता येतात, आणि आजाराने आलेला मृत्यूही त्यात बसतो. तसाच दिसणारा, वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा मात्र फक्त अपघातासाठी आहे, त्यामागे धावू नका.

दुसरं ठिकाण म्हणजे कर्मचाऱ्यांची पतसंस्था. कर्ज असेल तर जामीनदार सहकारीच असतात, आणि त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो. तेराव्याच्या आत हा विषय घरी काढू नका. आधी संस्थेच्या सचिवांना भेटा. भाग, ठेवी आणि असल्यास सभासद कल्याण निधी वजा जाता किती उरतं ते लेखी घ्या. पुष्कळदा भीतीइतकं काही उरत नाही.

नामनिर्देशन कुठेच नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. तिथे वकील गाठून द्या, स्वतः सल्ले देत बसू नका. सरकारी नोकरी असेल तर अनुकंपा नियुक्तीच्या अर्जाला मुदत असते. आस्थापना शाखेकडून ती तारीख पहिल्या महिन्यातच लिहून घ्या.

वर्गणी

वर्गणी काढायची तर एकाने घ्यायची, दुसऱ्याने मोजायची आणि तिसऱ्या कोणाला तरी यादी बघायला मोकळी असावी. नावापुढे रक्कम लिहिलेला कागद टेबलाटेबलावर फिरवू नका. साहेबांचे पाच हजार वर दिसले की शिपायाला शंभर लिहायची लाज वाटते. बंद पाकीट किंवा थेट खात्यात पैसे, हे बरं. एकाच माणसाच्या यूपीआयवर पैसे घेणार असाल, तर शेवटी स्टेटमेंटचं पान यादीला जोडा.

रक्कम जोडीदाराच्या स्वतःच्या खात्यात टाका. गेलेल्या माणसाचं एकट्याचं खातं बँकेला कळताच गोठतं. त्याच्या एटीएम कार्डाने किंवा फोनवरच्या ओटीपीने पैसे काढून देण्याचा उपकार कोणी करू नये. उद्या वारसांमध्ये कुरबूर झाली की काढणाऱ्याचं नाव पुढे येतं. आकडा सभेत माइकवरून जाहीर करायचा नाही, कितीही मोठा असला तरी.

टेबल, फोन आणि ग्रुप

टेबल तेरावा होईपर्यंत हलवू नका. मग दोघांनी मिळून रिकामं करा, यादी करा, फोटो काढा. चष्मा, डबा, खणातल्या गोळ्या, देवाचा फोटो, मुलांची जुनी पत्रं असं सगळं झेरॉक्सच्या कागदाच्या खोक्यात कोंबून देणं बरं दिसत नाही. नवी पेटी आणा. काय द्यायचं हे तुम्ही ठरवू नका. तुटक्या पेनाचीही किंमत घरी वेगळी असू शकते. अपवाद एकच: आजारासंबंधी किंवा खासगी असं काही सापडलं, तर पाकिटात बंद करून फक्त जोडीदाराच्या हातात.

सिमकार्ड कंपनीचं असेल तर ते बंद करायची घाई सगळ्यात महागात पडते. पीएफ, आधार, बँक, विमा, गॅस, सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. दावे पूर्ण होईपर्यंत नंबर चालू ठेवा, किंवा घरच्यांच्या नावावर करून द्या. नुसतं चार्ज करून कपाटात ठेवलेलं सिमही ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं.

मेलबॉक्स पुसू नका. बाहेरून येणाऱ्या मेलला एका ओळीचं स्वयंचलित उत्तर लावा आणि पुढे कोणाशी बोलायचं ते त्यात द्या. मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून वाढदिवसाच्या आपोआप जाणाऱ्या शुभेच्छा त्याच दिवशी थांबवा. नाहीतर चार महिन्यांनी फुगे आणि केक असलेला मेल सगळ्या कार्यालयाला जातो, आणि कधी कधी तो घरच्या पत्त्यावरही पोचतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपमधून नाव लगेच काढू नका, पण एक भान ठेवा: तो फोन आता मुलाच्या किंवा बायकोच्या हातात आहे. त्या जागी कोण येणार, केबिन कोणाला मिळणार ही चर्चा तिथे झाली, तर ती घरी वाचली जाते. महिन्याभराने घरच्यांना विचारून नाव काढा. फेसबुकवरचं खातं स्मरणार्थ करून घेता येतं, पण तो निर्णय आणि अर्ज घरच्यांचा.

शोकसभा

कार्यालयात दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांचं मौन पुरेसं असतं. खरी सभा तेराव्यानंतरच्या शनिवारी ठेवा, म्हणजे घरच्यांना येता येतं आणि निवृत्त झालेल्यांनाही कळवता येतं. निवृत्तांना फोन करा. त्यातले अनेक जण ग्रुपवर नसतात, आणि त्या माणसाची पहिली दहा वर्षं फक्त त्यांनाच माहीत असतात.

फोटोचं काम चार दिवस आधी हाती घ्या. १२ × १८ इंचाचा फोटो नीट छापायला साधारण ३६०० × ५४०० पिक्सेल असलेले बरे. व्हॉट्सअॅपवरून साधा आलेला फोटो लांब बाजूला सहसा १६०० च्या आसपास उरतो, तो एवढा मोठा केला की चेहरा पुसट होतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगून मूळ फाइल मागवा. मूळच लहान असेल तर ८ × १० वर थांबा. लहान पण स्वच्छ फोटो मोठ्या धूसर फोटोपेक्षा केव्हाही चांगला. आजारपणातला, केस गेलेला, गाल बसलेला फोटो लावू नका. दोन-तीन वर्षांपूर्वीचा निवडा आणि तोही घरच्यांना दाखवून.

पुष्पांजली ठेवणार असाल तर शंभर माणसांना दीड-दोन किलो सुटी शेवंती पुरते. फुलं पसरट परडीत ठेवा, खोल टोपलीतली खालची काळी पडतात. फोटोच्या दोन्ही बाजूंनी येता-जाता येईल एवढी जागा सोडा, नाहीतर रांग उलटी वळून पहिल्या रांगेतल्या घरच्यांच्या गुडघ्यांना घासत जाते. कॉर्डलेस माइकला नवे सेल घाला आणि एक वायरचा माइक जवळ ठेवा.

एक तासाचा आराखडा असा बसतो: प्रास्ताविक आणि जीवनपट ५ मिनिटं, सात वक्ते, प्रत्येकी ४, म्हणजे २८, बाहेरगावाहून आलेली एक-दोन पत्रं ५, घरच्यांपैकी कोणी बोलणार असेल तर ५, शोकठराव आणि मौन ४, पुष्पांजली उरलेल्या वेळात. मौन भाषणांच्या शेवटीच घ्या. ते सुरुवातीला घेतलं की उशिरा येणाऱ्यांचे दरवाजे वाजत राहतात. दोन मिनिटं घड्याळावर बघूनच मोजा, अंदाजाने माणसं चाळीस सेकंदांत बसतात.

जीवनपट फक्त सूत्रसंचालकाने सांगायचा, हे प्रत्येक वक्त्याला आधी कळवा. नाहीतर जन्मगाव, रुजू झाल्याची तारीख आणि बढत्या सात वेळा ऐकाव्या लागतात. वक्त्याला फोन करून एवढंच मागा: वर्ष आणि ठिकाण सांगता येईल असा कामातला एक प्रसंग, आणि त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट. लिहून आणायला सांगा. चार मिनिटं म्हणजे सावकाश वाचल्यास सुमारे चारशे शब्द, एवढा अंदाज दिला की लोक सावरून लिहितात.

वक्ते निवडताना हुद्द्यांची उतरंड लावू नका. सात जणांत एक वरिष्ठ, एक बरोबरीचा, एक हाताखाली शिकलेला, एक निवृत्त, एक दुसऱ्या विभागातला, एक बाहेरचा (पुरवठादार, ग्राहक, पालक) आणि एक ड्रायव्हर, शिपाई किंवा कॅन्टीनवाला. शेवटच्याचं भाषण बहुतेक वेळा सगळ्यांत चांगलं होतं, कारण त्याला सभेची भाषा येत नाही. ज्याच्याशी त्या माणसाचं वाजलं होतं, त्यालाही बोलवा. बोलायचा आग्रह मात्र करू नका.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. वक्ता स्वतःबद्दल बोलत सुटतो. कोणीतरी शेवटच्या दिवसांतल्या वेदनांचं वर्णन करतो, समोर मुलं बसलेली असतात. किंवा एखादे साहेब भावनेच्या भरात 'मुलाला आम्ही नोकरी देऊ' म्हणून जातात, आणि कुटुंब दोन वर्षं त्या वाक्यावर राहतं. तिसऱ्यासाठी साहेबांना आधीच, एकटं गाठून सांगा: देणं लेखी असेल तेव्हाच बोलावं. घरच्यांसमोर अचानक माइक धरू नका. बोलणार का ते आदल्या दिवशी विचारा, आणि नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका. सगळ्या भाषणांचं ध्वनिमुद्रण करा. फोन व्यासपीठावर, फ्लाइट मोडमध्ये ठेवून. तेव्हा घरच्यांच्या कानावर काही पडत नाही, ते नंतर ऐकतात.

संस्था किंवा संघटना असेल तर शोकठराव लागतो. तो छोटा आणि नेमका हवा:

'___ या विभागात सन ___ ते ___ अशी ___ वर्षे सेवा बजावलेले श्री. ___ यांचे दि. ___ रोजी निधन झाले. ___ ही पद्धत त्यांनी संस्थेत सुरू केली आणि ती आजही चालू आहे. त्यांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते व कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी होते. ठराव उभे राहून मंजूर.'

मधल्या ओळीतली रिकामी जागा भरता आली नाही, तर चौकशी पुरेशी झालेली नाही असं समजा. इतक्या वर्षांत प्रत्येकाने काहीतरी सुरू केलेलं असतं, मग ते आवक-जावक नोंदवायची वही का असेना. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घरी नेऊन द्या.

आठवणी लिहून घेणं

'आठवणी पाठवा' असं आवाहन केलं की विशेषणं येतात. त्यामुळे प्रश्न पाठवा, उत्तरं मागा. पहिल्यांदा भेट कुठे झाली? ते कशावर चिडायचे? त्यांच्या तोंडी नेहमी असलेलं वाक्य कोणतं? त्यांच्याशिवाय अडलेलं एखादं काम? डब्यात काय असायचं? जुन्या लोकांना लिहायचा कंटाळा असतो, त्यांच्याकडून व्हॉइस मेसेज घ्या आणि कोणीतरी उतरवून काढा. बोलल्यासारखंच राहू द्या, 'शुद्ध' करू नका.

फरक किती पडतो ते बघा. 'बाई अतिशय शिस्तप्रिय होत्या' हे वाक्य कोणालाही चिकटवता येतं. 'मार्चअखेरीला व्हाउचरच्या गठ्ठ्याला बाई पिवळा दोरा बांधायच्या. तो दोरा दिसला की ऑडिटर पुन्हा मोजत नसत' यात बाई दिसतात. पहिलं वाक्य आलं तर लिहिणाऱ्याला फोन करून विचारा, 'कशावरून?' तो जे सांगेल ते लेख म्हणून घ्या.

आठवणी पंधरा दिवसांत गोळा करा. महिना उलटला की कोणी लिहीत नाही. प्रत्येकी दीडशे-दोनशे शब्द. थट्टेचे किस्से ठेवा, पण छापण्याआधी सगळा मजकूर घरच्या एकाला वाचायला द्या.

पुस्तिका छापायची तर पिन मारलेली, ए-फाइव्ह आकाराची सोपी पडते. पानं चारच्या पटीत हवीत: १६, २४ किंवा ३२. मजकूर १८ पानांचा झाला तर दोन पानं रिकामी सोडण्याऐवजी फोटो वाढवून २० करा. पन्नास-शंभर प्रतींना डिजिटल छपाई बरी, तीनशेच्या पुढे ऑफसेटचा दर विचारा. एक खास आपल्याकडची अडचण आहे. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून दिलेला मजकूर छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलला जातो आणि तिथे रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, 'र्‍या'चं भलतंच काहीतरी होतं. त्यामुळे तुमच्या फाइलवर तपासलेलं मुद्रितशोधन पुरत नाही. छापखान्याकडून परत आलेल्या पीडीएफवर पुन्हा, दोघांनी, एकाने मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने बघत तपासा. नावं आणि तारखा वेगळ्या कागदावर काढून एकेक जुळवा. सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून दिसली तर घरी विचाराच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती घातलेली असण्याची शक्यता मोठी.

पाच प्रती घरी, एक कार्यालयाच्या कपाटात, एक नव्याने त्या कामावर आलेल्याला.

पुढच्या वर्षासाठी

झाड लावायचा मोह सगळ्यांना होतो. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरल्याशिवाय लावू नका. वाळलेल्या झाडावर नावाची पाटी फार वाईट दिसते. शाळेत बक्षीस ठेवायचं तर व्याजावर हिशोब करा: दोन लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० येतात, आणि व्याजदर खाली आला तरी चालेल एवढंच बक्षीस ठरवा. रक्तदान शिबिरासाठी रक्तपेढीला तीन-चार आठवडे आधी कळवा. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं, बायकांना १२० दिवसांचं अंतर लागतं, म्हणून जवळपास आणखी कोणाचं शिबिर नाही ना ते बघा. आजार कर्करोगाचा होता आणि घरच्यांना ते चालणार असेल, तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचारांसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. देणगी द्यायची असो की अन्नदान करायचं असो, तिथे आधी विचारून जा.

तारीख ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. घरचं वर्षश्राद्ध तिथीने येतं, म्हणजे इंग्रजी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी, आणि मध्ये अधिक महिना पडला तर एकोणीसेक दिवस नंतर. कार्यालयाचा कार्यक्रम तारखेने ठेवलात तरी घरच्यांना दोन्ही दिवस विचारून घ्या, आणि त्यांनी गावी जायचं ठरवलं असेल तर हॉल आरक्षित करण्याआधी तुमची तारीख हलवा.